बैठक आणि बोलणी

दोन माणसे बोलू लागतात तेव्हा त्यांच्यामध्ये किती अलिखित करार आधीच झालेले असतात, याचा विचार आपण क्वचितच करतो. आधी कोणी बोलायचे, समोरच्याने मान हलवली म्हणजे त्याला ऐकू आले की पटले, मध्येच तोंड घालायचे तर कोणत्या क्षणी, आणि उठायची वेळ झाली हे कोणाला न दुखावता कसे सुचवायचे, हे सारे आपण आईच्या भाषेबरोबरच शिकून जातो. यंत्राला आई नसते. त्याला हे करार लिहून द्यावे लागतात, तेही असे की एका शब्दाचे दोन अर्थ होऊ नयेत.

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे असे लिहून दिलेले करार वाचण्यात गेली. १९७८ मध्ये आयबीएम कंपनीने भारतातील कारभार आटोपता घेतला होता, त्यामुळे मुंबईत शिकत असताना तिची मोठी यंत्रे मला जवळून पाहावयास मिळाली नाहीत. ती भेटली पुढे अमेरिकेत, एका बँकेच्या थंडगार तळमजल्यावर. त्या यंत्रांच्या परस्पर संभाषणाची जी रीत होती तिचे नाव सिस्टिम्स नेटवर्क आर्किटेक्चर, संक्षेपाने एसएनए. १९७४ च्या सप्टेंबरमध्ये आयबीएमने ती जाहीर केली. त्यापूर्वी या एकाच कंपनीच्या निरनिराळ्या उपकरणांची बोलण्याची तऱ्हा निरनिराळी होती. एकाच कचेरीतील दोन कामांसाठी कित्येकदा दोन वेगळे पडदे मांडावे लागत आणि त्यांच्यासाठी दोन वेगळ्या तारा ओढाव्या लागत. एसएनएने या सर्वांना एक व्याकरण दिले.

या व्याकरणातील पहिला शब्द ‘सेशन’. मराठीत त्याला सत्र म्हणण्याचा प्रघात आहे, परंतु सत्र म्हटले की मला सत्र न्यायालय आठवते. मी मनाशी नेहमी ‘बैठक’ हा शब्द वापरीत आलो. बैठक आधी अंथरावी लागते, मग माणसे बसतात, आणि एकदा अंथरलेल्या बैठकीवर एकामागून एक अनेक बोलणी होऊ शकतात. एसएनएमध्ये नेमके हेच घडते. बैठक ही निराळी गोष्ट आणि तिच्यावरील बोलणे ही निराळी गोष्ट. बैठक अंथरण्यास वेळ आणि खर्च लागतो, म्हणून ती दिवसेंदिवस तशीच ठेवली जाते. बोलणे मात्र एखाद्या सेकंदाचेही असते.

प्रोग्रॅम स्वतः कधी रस्त्यावर येत नाही. त्याला एक उंबरठा असतो, ज्याला त्यांच्या परिभाषेत लॉजिकल युनिट म्हणतात. दोन उंबरठ्यांमध्ये बैठक जुळते. सुरुवातीच्या काळात ही जुळवाजुळव करण्यास मुख्य यंत्रात एक मध्यस्थ बसलेला असे. एका बाजूने त्याच्याकडे विनंती जायची, अमुक एका घराशी बोलावयाचे आहे. मध्यस्थ नाव-गाव तपासी, समोरच्याला निरोप देई, आणि मग तो समोरचा स्वतःहून ‘बाइंड’ नावाचा संदेश पाठवी. लग्नाच्या बोलण्यांत दोन्ही घरांची गाठ पडल्यावर जसा मधला माणूस बाजूला होतो, तसा हा मध्यस्थही येथून बाजूला होत असे. बैठक सुरू झाली एवढेच त्याला कळवायचे आणि ती मोडली की मोडल्याचे. आत काय बोलणे झाले ते त्याने विचारायचे नाही.

बाइंड हा संदेश मला त्या साऱ्या व्यवस्थेत सर्वांत विचारी वाटतो. बोलण्याचा मजकूर त्यात अक्षरानेही नसतो. बोलायचे कसे याच्याच अटी असतात. एका वेळी किती मोठा संदेश पाठवायचा, आधी बोलण्याचा मान कोणाचा, उत्तर प्रत्येक वेळी द्यायचे की काही बिघडले तरच. समोरचा या अटी जशाच्या तशा स्वीकारू शकतो, किंवा काही अटी बदलून परत पाठवू शकतो. त्यांत एक अट वेगाचीही असते. गवंड्याकडे विटा फेकणारा मजूर झेलणाऱ्याचे हात पाहून फेकतो, तसे येथे घेणाऱ्याने सांगायचे की मला एका दमात इतकेच द्या. तेवढे दिल्यावर थांबा, माझी खूण आली की पुढचे. पाठवणारा कितीही चपळ असो, खूण आल्याखेरीज त्याने हात उचलायचा नाही.

तरीही प्रारंभीच्या बैठका बरोबरीच्या नव्हत्या. एका बाजूस मुख्य यंत्रातील प्रोग्रॅम आणि दुसऱ्या बाजूस पडदा किंवा छापयंत्र, असाच बहुतेक मामला. १९७१ मध्ये आलेला ३२७० जातीचा हिरव्या अक्षरांचा पडदा ज्यांनी बँकेत किंवा विमान कंपनीच्या कचेरीत पाहिला असेल त्यांना हे लगेच कळेल. आपण मजकूर भरून कळ दाबली की कळफलक कुलूपबंद होई आणि मुख्य यंत्राने तो मोकळा करीपर्यंत माणसाने हात बांधून बसावे लागे. १९८२ च्या सुमारास मात्र एल.यू. ६.२ नावाचा नवा उंबरठा आला आणि दोन प्रोग्रॅम समोरासमोर बरोबरीने बसू लागले. पुढे त्यांना मध्यस्थाचीही गरज उरली नाही. ‘कॉन्व्हर्सेशन’ हा शब्द, म्हणजे बोलणे, याच उंबरठ्यासाठी योजलेला आहे. आणि ज्याने तो योजला त्याला माणसांचे बोलणे चांगले ऐकता येत असावे, असे मला नेहमी वाटत आले.

बरोबरीची माणसे बसली की पहिला प्रश्न पाळीचा. या बोलण्यात एका क्षणी एकच बाजू बोलते. दुसरी ऐकण्याच्या अवस्थेत असते. बोलणाऱ्याने आपले म्हणणे संपवून पाळी देऊन टाकली की अवस्था पालटतात. आपली पाळी नसताना जो प्रोग्रॅम बोलू पाहील त्याला त्याचाच उंबरठा अडवतो. शब्द बाहेर पडतच नाही. (पुढील काळात दोघांनी एकाच वेळी बोलण्याची मुभाही या रीतीत आली, पण मी ज्या प्रोग्रॅमांत वाढलो ते सारे पाळी पाळणारे.) ऐकणाऱ्याला फारच घाई असेल तर तो ‘मला बोलावयाचे आहे’ अशी एक खूण पाठवू शकतो. ही खूण रांग सोडून पुढे जाते, समोरच्याला पोहोचते, आणि तिच्याकडे लक्ष द्यायचे की नाही हे सर्वस्वी बोलणाऱ्याच्या मर्जीवर असते. मात्र ऐकताना काही चुकीचे आढळले तर ऐकणाऱ्याला एक अधिकार आहे: तो थेट ‘चूक’ असे म्हणू शकतो. मग वाटेत असलेला उरलेला मजकूर टाकून दिला जातो आणि पाळी त्याच्याकडे येते. त्यापूर्वी एक नकार जातो, ज्याचा सांकेतिक अंक ०८४६; अर्थ इतकाच की कारण मागाहून येत आहे.

नकारांच्या या अंकांची एक जाडजूड सूची होती. तिच्यातील दोन अंक मला आजही पाठ आहेत. नवे बोलणे सुरू करण्यास दोन्ही बाजू एकाच क्षणी पुढे सरसावल्या तर कोणाचे चालावे हे बाइंडमध्येच ठरलेले असते. एका बाजूचा मान पहिला; दुसऱ्या बाजूने आधी विचारायचे. विचारल्यावर नकार आला तर तो दोन प्रकारचा असतो. ०८१३ म्हणजे आता नाही, आणि मोकळा झालो की कळवीन अशी अपेक्षाही ठेवू नका. ०८१४ म्हणजे आता नाही, पण मोकळा झालो की मीच निरोप पाठवीन. सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी ज्यांनी उभे राहून दिवस काढले आहेत त्यांना या दोन अंकांतील अंतर समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

येथवरचे सारे शिष्टाचाराचे झाले. या रीतीचा खरा कस लागतो तो ‘पोहोचले’ आणि ‘मान्य झाले’ यांतील अंतरापाशी. पाठवलेला मजकूर यंत्रापर्यंत पोहोचणे एक, आणि तो वाचून त्यावर योग्य ते काम त्या प्रोग्रॅमने केले आहे असे त्याने स्वतः सांगणे दुसरे. एल.यू. ६.२ मध्ये बोलणे सुरू करतानाच ठरवावे लागते की आपल्याला कोणत्या प्रतीची खात्री हवी. काहीच नको, असे म्हणता येते. किंवा मी ‘पक्के का?’ असे विचारीन आणि तू ‘पक्के’ असे म्हणेपर्यंत थांबून राहीन, असे म्हणता येते. आणि तिसरी, सर्वांत कडक प्रत अशी की दोन्ही गावांच्या वह्यांत जे बदल होतील ते दोन्हीकडे एकदमच कायम व्हावेत, नाहीतर दोन्हीकडे एकदमच पुसले जावेत.

बँकेला ही तिसरी प्रत लागते. एका शहरातील खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्या शहरातील खात्यात जमा झाली नाही, तर मधल्या तारेत पैसा ठेवायला जागा नसते. म्हणून एक बाजू विचारते: तयार व्हा. दुसरी बाजू आपला बदल अशा रीतीने लिहून ठेवते की वीज गेली तरी तो करताही यावा आणि पुसताही यावा. मग ती उत्तर देते: तयार आहे, तुम्ही कायम करा. हे उत्तर आल्यावर पहिली बाजू निर्णय आपल्या नोंदवहीत लिहिते आणि कळवते: कायम केले. दुसरी बाजूही तसे करते आणि शेवटचा शब्द पाठवते. त्या शब्दाचे इंग्रजी नावच ‘फर्गेट’, म्हणजे विसरा. तो पोहोचेपर्यंत पहिल्या बाजूने ही नोंद पुसायची नाही.

यात एक मधला क्षण आहे. ‘तयार आहे’ असे म्हटल्यापासून ‘कायम केले’ हे ऐकू येईपर्यंत दुसऱ्या बाजूला स्वतःचे मत उरत नाही. ती पुढे जाऊ शकत नाही, मागे फिरू शकत नाही, आणि ज्या खात्यांना तिने हात लावलेला आहे ती दुसऱ्या कोणालाही उघडू देत नाही. एरवी हा क्षण डोळ्याचे पाते लवण्याइतकाही नसतो. पण नेमक्या त्याच वेळी तार तुटली तर तो कितीही लांबू शकतो. जिम ग्रे या अमेरिकन संशोधकाने १९७८ मध्ये, आयबीएममध्ये असताना, या दोन पायऱ्यांच्या रीतीचे विवेचन केले. तेथेच त्याने दोन सेनापतींचे कोडे मांडले आहे. दोन टेकड्यांवरील दोन सेनापतींना एकाच वेळी हल्ला करावयाचा आहे, पण मधल्या दरीतून जाणारा दूत वाटेत पकडला जाऊ शकतो. मग कितीही निरोप पाठवले तरी शेवटचा निरोप पोहोचला की नाही, याची शंका कोणा एकाकडे राहतेच. ही शंका गणिताने मिटत नाही. तिचा काळ तोकडा करता येतो, इतकेच.

तो काळ लांबलेला मी एकदा पाहिला. १९९४ च्या हिवाळ्यातील रात्र होती. गोठणाऱ्या पावसाने तारा लोंबकळल्या होत्या, आणि आमच्या केंद्राचा सुमारे तीनशे मैलांवरील दुसऱ्या केंद्राशी असलेला दुवा रात्री दोनच्या सुमारास तुटला. पडद्यावर अकरा व्यवहार अधांतरी असल्याचे दिसू लागले. अकराही व्यवहारांत आमच्या बाजूने ‘तयार आहे’ म्हटले होते आणि पुढचा शब्द आला नव्हता. त्यांनी अडवलेली खाती मोकळी होईपर्यंत रात्रीची मोठी कामे सुरू करता येत नव्हती, आणि ती पहाटेपूर्वी संपली नाहीत तर सकाळी शाखांची दारे उघडून उपयोग नव्हता.

अशा वेळी माणसाने यंत्राच्या वतीने निकाल द्यावा, अशी सोय या रीतीत ठेवलेली आहे. पर्यवेक्षकांचे म्हणणे होते की अकराही कायम करून टाका. ते मूर्खपणाचे नव्हते. ‘तयार आहे’ म्हटल्यानंतर व्यवहार मोडल्याची उदाहरणे फारच थोडी असतात, बहुतेक सारे कायमच होतात, आणि एखादा चुकलाच तर तो मागाहून दुरुस्त करता येतो. माझ्या पाळीत एक ज्येष्ठ बाई होत्या, छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या जमान्यापासून त्या खात्यात काम करीत आलेल्या. त्यांनी एवढेच विचारले की बहुतेक म्हणजे कोणते अकरा? त्यावर पर्यवेक्षक काही बोलले नाहीत. बाईंनी साधा टेलिफोन उचलून पाहिला. तो चालू होता.

पलीकडच्या केंद्रात रात्रपाळीचा एक तरुण होता. त्याच्या नोंदवहीत निर्णय होते, आमच्या नोंदवहीत प्रश्न. प्रत्येक व्यवहाराला या रीतीत एक ओळख दिलेली असते: उंबरठ्याचे नाव, पुढे बारा सांकेतिक अंकाक्षरे, त्यापुढे एक क्रमांक. बाई एक ओळख वाचून दाखवीत. तो ती उलट वाचून दाखवी. बाई ‘बरोबर’ म्हणत, तेव्हाच तो शोधायला लागे; मग निर्णय सांगे, आणि बाई तो निर्णय त्याला परत ऐकवीत. एक बोलत असताना दुसरा गप्प. मी शेजारी बसून कागदावर लिहीत होतो. मिनिटामागून मिनिट जात होते, पर्यवेक्षक दाराशी घड्याळाकडे पाहत होते, आणि बाईंचा आवाज पहिल्या ओळखीला जितका संथ होता तितकाच नवव्यालाही होता.

दहा व्यवहार पलीकडे कायम झालेले होते. त्यांची फक्त बातमी तारेत मेली होती. एक मात्र मोडलेला निघाला. त्या एकाच्या बाबतीत आमचे ‘तयार आहे’ हे उत्तरच वाटेत नाहीसे झाले होते, दुवा तुटल्याचे कळताच पलीकडच्या प्रोग्रॅमने आपला बदल पुसला होता. रक्कम दोनशे डॉलरांच्या आसपास. बाईंनी दहा कायम केले, एक पुसला, प्रत्येक आज्ञेखाली वेळ लिहून सही केली आणि खाती मोकळी झाली. सकाळी नऊनंतर दुवा जोडला गेला. अशा वेळी दोन्ही यंत्रे आपापल्या नोंदवह्यांची नावे आधी एकमेकांना सांगतात, वही तीच आहे ना याची खात्री करतात, मग व्यवहार एकेक करून ताडून पाहतात. माणसाने दिलेला निकाल यंत्राच्या निर्णयाशी जुळला नाही तर तसा ठपका पडद्यावर येतो. त्या सकाळी एकही आला नाही. तोवर बाई घरी गेल्या होत्या.

हे वाचून कोणास वाटेल की मी जुन्या रीतीचा भक्त आहे. तसे नाही. एसएनए अवजड होते. एक नवा पडदा जोडावयाचा तर त्याचे नाव आधी याद्यांत चढवावे लागे आणि त्यासाठी मर्जी सांभाळावी लागेल असे दोन-तीन जाणकारच सबंध बँकेत असत. शिवाय ती एका कंपनीच्या मालकीची वाट होती. १९८३ च्या पहिल्या दिवशी आर्पानेटने जी टीसीपी-आयपी रीत स्वीकारली ती खुली होती, स्वस्त होती, आणि तिने जग जिंकले ते योग्यच झाले. त्या रीतीत दोन्ही बाजू एकाच वेळी बोलू शकतात. अक्षरे क्रमाने पोहोचली याची पोच मिळते. पण ती यंत्राची यंत्राला मिळालेली पोच, प्रोग्रॅमने काम केल्याचा शब्द नव्हे. तो शब्द हवा असेल तर प्रत्येकाने वरच्या मजल्यावर आपापली सोय करून घ्यायची असते. आजच्या तरुण मंडळींना मी ही सोय पुन्हा पुन्हा नव्याने करताना पाहतो, दर वेळी नव्या नावाने, आणि दर वेळी त्यांना तो मधला क्षण नव्याने भेटतो. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांत एसएनएही आज आहेच. फक्त जुन्या तारा गेल्या, आणि त्या बैठका आता आयपीच्या पाकिटांत घालून पाठवल्या जातात.

जिम ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००७ च्या २८ जानेवारीस ते आपल्या शिडाच्या नौकेतून एकटेच सॅन फ्रान्सिस्कोहून फॅरॅलॉन बेटांकडे निघाले. आईची रक्षा समुद्रात सोडायची होती. ते परतले नाहीत. तटरक्षकांनी समुद्र धुंडाळला, मित्रांनी उपग्रहाची छायाचित्रे मिळवली आणि हजारो अपरिचितांनी आपापल्या पडद्यांवर ती तुकड्यातुकड्याने तपासली. नौकेची एक फळीही सापडली नाही. पुढच्या वर्षी बर्कली येथे त्यांच्यासाठी सभा झाली तेव्हा ही श्रद्धांजली नव्हे, गौरव आहे, असे आयोजकांनी मुद्दाम सांगितले. न्यायालयाने त्यांना मृत घोषित केले ते २०१२ मध्ये.